जाड कव्हर? घ्या, पण...

नवाकोरा स्लिम फोन आणि त्यावर जाडजूड कव्हर! स्टाइलची पार वाट, नाही का? पण बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांसाठी गावी राहिलेल्या लेकरांचा आवाज त्या फोनमध्येच असतो. तो फुटून कसं चालेल?

कव्हर घ्याच. फक्त ‘मिलिटरी ग्रेड’ शिक्क्याला भुलू नका. अमेरिकी लष्कराच्या ८१० मानकात १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडून बघतात खरं, पण लष्कर कुठल्याही कव्हरला सर्टिफिकेट देत नाही. जाडीपेक्षा मजबूत कोपरे आणि स्क्रीनपेक्षा किंचित उंच कडा बघा.

आणि हो, मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. चार्जिंगला फोन तापला, तर कव्हर काढा. उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते, बॉस!