गरम झऱ्यांचे स्नान आणि रक्तदाब

निवृत्तीनंतर मी व सौ. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्स या गावी आठवडाभर तंबू ठोकून राहिलो. गल्फा गॉर्ज येथे ओढ्याकाठी सरकारी तळ आहे. (तेथे स्टोव्हवरच्या पिठल्याची चव काही औरच!) येथील झऱ्यांचे पाणी सुमारे 62 अंश सेल्सिअस असते, स्नानगृहात ते निववूनच देतात. पावसाचे पाणी खोल मुरून, तापून, सुमारे 4,400 वर्षांनी वर येते.

ऊन पाण्याने सांधे मोकळे होतात, हे खरे. संधिवात समूळ जातो, हे खरे नाही. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्तदाब उतरतो. सौ.ना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अशा माणसाला एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते, आणि ओल्या फरशीवर पडून या वयात खुब्याचे हाड मोडते. म्हणून त्या दहा मिनिटेच बसत, उठण्यापूर्वी मिनिटभर काठावर थांबत, आणि मी जवळ असे.

मधुमेह्यांनी पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. पायाला चटका कळत नाही. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांनाही हेच लागू. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये.