आट्याला आटा मिळेपर्यंत

घाटात एसटी वळते तेव्हा हातातल्या पेल्यातलं पाणी एका अंगाला चढतं. हा पेला म्हणजे इंजिनाचं तेलाचं चेंबर आणि एसटीच्या जागी जुनी जग्वार, असं धरून चला. वळणावर गाडीला तिच्या वजनाइतकाच जोर आडवा लागला, तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांनी कलतो. तळाशी तेल ओढणारी नळी असते. तेल बाजूला सरलं की ती नळी हवा ओढू लागते.

क्षणभर हवा ओढली तर एवढं काय बिघडतं, हे कळायला बेअरिंगच्या आत डोकवावं लागतं. क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला असतो असं आपण म्हणतो. चालत्या इंजिनात तो टेकत नाही, तेलावर तरंगतो! फिरता शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे असा दाब तयार होतो की सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाचा तडाखा तो तेलाचा पापुद्रा झेलतो. त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. पंपाने फक्त तिथवर तेल पोचवत राहायचं. ते तुटलं की पोलाद बेअरिंगला घासतं. उघडलेल्या इंजिनात बेअरिंगच्या करड्या, गुळगुळीत शेलवर तांबूस डाग दिसला, तर समजावं की वरचा मऊ थर गेला आणि खालचं तांबं उघडं पडलं.

जग्वारचं एक्सके इंजिन दुसऱ्या महायुद्धात कल्पनेत आकाराला आलं. कोव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री बॉम्बच्या आगींवर पहारा ठेवता ठेवता विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली त्याची चर्चा करत. १९४८मध्ये ते एक्सके १२० गाडीतून लोकांसमोर आलं. १९५४च्या डी-टाइप या शर्यतीच्या गाडीत मात्र त्याची तेलव्यवस्थाच बदलली. चेंबरमध्ये तेल साठवायचंच नाही. खाली पडेल तसं उपसून वेगळ्या टाकीत न्यायचं आणि तिथून दाबाने इंजिनात सोडायचं. याला ड्राय सम्प म्हणतात. तेल एका अंगाला पळण्याचा प्रश्न सुटला. खोल चेंबर गेल्यामुळे इंजिन खाली बसलं आणि गाडीचं नाकही खाली आलं. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत डी-टाइपने जिंकली.

रस्त्यावरच्या जुन्या एक्सके इंजिनाला हीच व्यवस्था बसवायची तर उथळ चेंबर, दातेरी पट्ट्यावर फिरणारा पंप, टाकी आणि जाड नळ्या जमवाव्या लागतात. उपसणारा पंप दाब देणाऱ्या पंपापेक्षा मोठा घ्यावा लागतो, कारण तो नुसतं तेल नाही, तेलाचा फेस उपसत असतो. मला सगळ्यांत आवडते ती टाकी. उंच आणि अरुंद. तेल तिच्यात कडेने, भिंतीला घासत शिरतं आणि गरगर फिरतं. जड तेल भिंतीकडे जातं, हवा मधोमध सुटून वर निघते. यासाठी आत एकही हलता भाग नसतो.

पंप, टाकी पैसे मोजून मिळतात. खरी शोधाशोध असते ती जोडण्यांची, कारण इथे तीन जमाने एकमेकांत बसवायचे असतात. जुन्या ब्रिटिश इंजिनाची तेलाची भोकं बहुधा ब्रिटिश पाइपाच्या, म्हणजे बीएसपी आट्यांची. या मापात ‘पाव इंची’ आट्याचा बाहेरचा व्यास सव्वासहा नाही, तर तेरा मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. कारण ते नाव मुळात पाइपाच्या आतल्या पोकळीचं. तुमच्या घरचा ‘अर्धा इंची’ नळ मोजून पाहा, आटे जवळजवळ २१ मिलिमीटर भरतील. जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये ठरवलेला ५५ अंशांचा आटा असा आपल्या न्हाणीघरातही आहे.

अमेरिकन पाइपाचा आटा ६० अंशांचा. पाव इंची मापात बीएसपीला इंचात १९ आटे, अमेरिकन एनपीटीला १८. चुकीचा जोड एक-दोन फेरे अगदी गोडीने आत जातो, मग अडतो. पान्याने रेटला तर ॲल्युमिनियमच्या फिल्टर-हाउसिंगचे आटे कायमचे जातात. शर्यतीच्या नळ्यांचे एएन जोड आणखी वेगळे. ते लष्करी विमानांसाठी ठरलेले, आकडा इंचाच्या सोळाव्या भागात. म्हणजे १० नंबर हा पाऊण इंचाहून बारीक, पाच अष्टमांश इंच. त्यात रबर नसतं. ३७ अंशांचा धातूचा शंकू तसल्याच बैठकीवर दाबला जातो आणि तेवढ्याने उकळतं तेल अडतं! मोटारीच्या ब्रेकच्या नळीला सहसा ४५ अंशांचा शंकू असतो. आठ अंशांच्या या फरकापायी जोड गळत राहतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी व्हर्निअर आणि आट्यांचं गेज हातात घ्या. भोकावर डोळ्यांनी अंदाज बांधू नका.

शर्यतीत उतरायचं नसेल तर एवढा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या डब्यातल्या कागदी फिल्टरऐवजी फिरवून बसणारा फिल्टर लावणारा अॅडॉप्टर पुरे होतो. फक्त जुन्या खाचेतली रबरी रिंग टाचणीने उकरून काढा. ती वर्षानुवर्षं दबून धातूसारखी दिसते, आणि तिच्यावर दुसरी रिंग बसली की तेल बाहेर पडलंच. उतरवलेले मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा.

काहीही बदललं असलं तरी पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क प्लग काढून ठेवा, इग्निशन तोडा, नुसता स्टार्टर फिरवा. तेलाच्या दाबाचा काटा वर चढलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठिणगी देऊ नका.