हरवला आहे : तबल्याचा ‘ना’

स्वतःचं सॅम्पलर इन्स्ट्रुमेंट बनवताय? सॉलिड! पण आधी तुमच्या फाइलींना नीट ‘नावं ठेवायला’ शिका...

रात्रीचा एक वाजलाय, सकाळी ऑफिसात प्रेझेंटेशन आहे, आणि बंगळुरूच्या मित्राचा मेसेज येतो, ‘‘अरे, तुझा तबला उघडला, पण मुका आहे. २३९ सॅम्पल सापडत नाहीत म्हणतोय!’’

ही माझीच गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या काकांनी चाळीस वर्षं भजनाला साथ केली. बोटं आखडायला लागली तेव्हा ठरवलं, हात चालतोय तोवर त्यांचा तबला रेकॉर्ड करून ठेवायचा. तीन रविवार, दोन माइक, बंद पंखा आणि काकूंचा चहा. इन्स्ट्रुमेंट तयार झालं, झकास वाजलंही. पण फक्त माझ्या लॅपटॉपवर!

एका ‘ना’चे वीस ‘ना’

सॅम्पलर म्हणजे की दाबली की खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर. कॉन्टॅक्ट, डिसेंट सॅम्पलर ही त्यातली ओळखीची नावं. आता गणित बघा. आम्ही १२ बोल घेतले. की किती जोरात दाबली हे मिडीत १ ते १२७ आकड्यांत मोजतात, त्याचे ४ थर केले. शिवाय प्रत्येक थराचे ५ टेक. एकच ‘ना’ पुन्हापुन्हा वाजला की तबल्याची मशीनगन होते, म्हणून टेक आलटूनपालटून वाजवायचे. याला म्हणतात राउंड रॉबिन. बारा चोक अठ्ठेचाळीस, गुणिले पाच, झाल्या २४० फाइली. दोन-दोन सेकंदांच्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. सगळ्या मिळून जेमतेम १४० एमबी. म्हणजे प्रश्न जागेचा नाहीच, शिस्तीचा आहे.

पत्ता चुकला

इन्स्ट्रुमेंटच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा आवाज नसतोच, असतात फक्त पत्ते. माझ्या फाइलीत लिहिलं होतं, डी ड्राइव्ह, ‘नवीन फोल्डर (३)’. मित्राच्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही! उपाय म्हणजे रिलेटिव्ह पाथ. पूर्ण पत्त्याऐवजी ‘माझ्या शेजारच्या सॅम्पल्स फोल्डरमध्ये बघ’ एवढंच सांगायचं. बिऱ्हाड कुठेही हलवा, शेजार तोच राहतो. माझं इन्स्ट्रुमेंट एसएफझेड फॉरमॅटमध्ये होतं. त्यात पत्ते साध्या मजकुरात असतात, त्यामुळे नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेस मारून पाच मिनिटांत काम झालं.

पण २४० पैकी २३९ कशा? तेव्हा कुठे लक्षात आलं. दोन टेकना मी एकच नाव दिलं होतं, ‘ना फायनल’. कॉम्प्युटरने ‘रिप्लेस करू?’ विचारलं आणि मी झोपेत ‘येस’ दाबलं. मूळ रेकॉर्डिंग? डिस्क भरली म्हणून आधीच उडवलेलं. पुन्हा रेकॉर्ड करावं, तर काकांची बोटं आता तशी पडत नाहीत. त्या थराला आता चारच टेक आहेत. ऐकणाऱ्याला कळत नाही. मला कळतं.

नावं ठेवा, पण अशी!

* आधी बोल, मग जोर, मग टेक. उदाहरणार्थ ‘ना_जोर३_टेक०२’. हाच क्रम सगळ्या फाइलींना. ‘फायनल’ हा शब्द कायमचा बॅन!
* नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. विंडोज सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतं.
* ०१, ०२ असं लिहा. नाहीतर बऱ्याच ठिकाणी १ नंतर थेट १० येतो.
* पेटी किंवा पियानो असेल तर स्वराचा मिडी नंबर लिहा. ६० नंबरच्या कीला कुणी सी३ म्हणतं, कुणी सी४. नंबर मात्र एकच.
* मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर. त्याला हात लावायचा नाही.
* सोबत एक रीडमी फाइल ठेवा. कलाकाराचं नाव, तबला काळी १ला लावला होता की आणखी कशाला, महिना, वर्ष. आणि इन्स्ट्रुमेंट वाटणार किंवा विकणार असाल, तर कलाकाराची लेखी परवानगी आधी घ्या.
* झिप केल्यावर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येक की वाजवा. दुसरा कॉम्प्युटर नसेल, तर मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि झिप भलतीकडे उघडून बघा. वाजलं तर पास.

तुमच्याही घरी आजीची पेटी असेल, मामाची ढोलकी असेल. एखादा रविवार काढा, वाजवून घ्या, रेकॉर्ड करा. आणि त्या रात्री कितीही झोप आली तरी प्रत्येक फाइलला नाव देऊन मगच लॅपटॉप मिटा.