तान्ह्या मुलाची सर्दी

गौरीगणपतीला माझी धाकटी बहीण माहेरी आली होती. मांडीवर अडीच महिन्यांची लेक, आणि सोबत पहिलीत जाणारा थोरला. थोरल्याचे नाक शाळेतूनच वाहत आलेले. त्याने बहिणीचे मनसोक्त पापे घेतले, आणि पाचव्या दिवशी तान्हीला शिंका सुरू झाल्या. “सर्दीच ती, ओव्याची धुरी द्या, बरी होईल,” असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. मीही मान डोलावली. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवितो, वैद्यक नव्हे! दोन दिवसांनी पोर दूध ओढीना. रडतही नव्हती, म्हणून आम्हांला वाटले, आता स्वस्थ पडली आहे. संध्याकाळी शेजारचे निवृत्त गुरुजी आरतीला आले. त्यांनी झबले वर केले, मनगटावरचे घड्याळ समोर धरले आणि पुरता एक मिनिट तिच्या पोटाकडे पाहत राहिले. “बहात्तर,” ते म्हणाले, “आरती राहू द्या, गाडी काढा.”

इस्पितळात चार दिवस प्राणवायू लावावा लागला. पोर वाचली. डॉक्टरांनी विषाणूचे नाव सांगितले, रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, थोडक्यात आर. एस. व्ही. नाव अवघड आहे खरे, पण ओळख आपली सर्वांची जुनी आहे. दोन वर्षांचे होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला हा एकदा तरी गाठतोच. १९५६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत चिंपांझींना सर्दी झाली, तेव्हा तो प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी बालकांत दाखवून दिला. थोरल्यांना त्याने नुसती सर्दी होते. मग तान्ह्यालाच तो एवढा जड का जावा?

याचे उत्तर नळीच्या गणितात आहे. नाकातून गेलेली हवा फुप्फुसात शिरते ती झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या नळ्यांतून. अगदी शेवटच्या बारीक नळ्या तान्ह्या मुलात एक मिलिमीटरहूनही अरुंद असतात. विषाणू तिथवर उतरला की नळीचे अस्तर सुजते, मेलेल्या पेशी आणि चिकट शेंबूड आत साचतो. आता शिक्षक मंडळींनी फळ्यावर हे जरूर मांडून पाहावे: नळीची रुंदी निम्मी झाली तर तिच्यातून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही, तो सोळापट होतो. थोरल्याच्या रुंद नळीला तेवढीच सूज आली तरी त्याला पत्ता लागत नाही. पोराचा मात्र श्वास कोंडतो. त्यात तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की दूध ओढावे की श्वास घ्यावा, असा पेच त्याच्यापुढे पडतो, आणि ते दूध सोडते.

हवा पुरेना म्हणून मूल भराभर श्वास घेऊ लागते. आपल्या बायाबापड्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ‘डबा झाला’, ‘पोट उडते’, ‘धाप लागली’ हे शब्द आपल्या घरांतलेच. नजर बरोबर होती. उपाय मात्र काही ठिकाणी भयंकर होते. पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची चाल मेळघाटासारख्या भागात आजही पुरती गेलेली नाही.

या नजरेचेच औषध करून दाखविले ते गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. १९८०च्या दशकाच्या शेवटी तेथल्या ५८ गावांत त्यांनी आरोग्यसेवकांना आणि दाईंना मुलाचा श्वास मोजायला आणि न्यूमोनिया वाटला तर प्रतिजैविक द्यायला शिकविले. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईसाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असे साधन बनविले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर धोका. त्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकही पुरते दगावले नाही, प्रमाण ०.८ आले, शेजारच्या, ही सोय नसलेल्या गावांत ते १३.५ होते. १९९० साली हा अहवाल लॅन्सेटमध्ये छापून आला.

येथे एक शंका कोणीही विचारील. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, मग दाईने ते का द्यावे? प्रश्न रास्त आहे. पण खेड्यात बसून आजार विषाणूचा की जिवाणूचा हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि जिवाणूचा न्यूमोनिया वाट पाहत थांबत नाही. म्हणून शिकलेल्या माणसाने मोजमाप करून औषध देणे वेगळे, आणि आपण घरी नुसत्या वाहत्या नाकाला उरलेली बाटली पाजणे वेगळे. खोकल्याची पातळ औषधेही तान्ह्याला देऊ नयेत. धुरीचा तर धूरच. सुजलेल्या नळीला तो आणखी त्रास देतो. चुलीचा आणि विडीचा धूरही तसाच. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरते. नाक मोकळे करायला औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. अंगावरचे दूध थोडेथोडे, पण वारंवार पाजत राहावे.

२०१९ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुले या एका विषाणूने गेली असा अंदाज आहे. त्यांतली निम्म्याच्या जवळपास सहा महिन्यांच्या आतली, आणि बहुतेक सगळी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. लशीचा पहिला प्रयत्न १९६६ साली अमेरिकेत झाला, तो उलटला: लस टोचलेली मुलेच जास्त आजारी पडली, दोन दगावली. त्यानंतर तब्बल अर्धे शतक गेले. २०२३ साली तेथे गरोदर आईला टोचण्याच्या लशीला मान्यता मिळाली. आईचे संरक्षण पोटातल्या बाळाला पोचते. आपल्या पाड्यांपर्यंत ती येईतो हाताशी आहे ते साबण आणि घड्याळ. हा विषाणू शिंकेच्या थेंबांतून येतो, तसा हातावरूनही येतो, आणि टेबलावर किंवा खेळण्यावर काही तास तग धरतो. शाळेतून आलेल्या भावंडाने हात धुतल्याशिवाय पाळण्याकडे जाऊ नये, आणि त्याला सर्दी असेल तर पापा मुळीच घेऊ नये.

आता मोजायचे कसे ते सांगतो. मूल निजलेले किंवा शांत असावे. रडताना, दूध पिताना मोजू नये. झबले वर करून पोट पाहावे. एकदा वर आले, खाली गेले की एक. पुरता एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतले मूल असेल तर साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, एवढा आकडा आला की आशाताईला किंवा डॉक्टरला गाठावे. बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत खेचली जात असेल, मूल दूध घेत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर आकडाही मोजत बसू नये. १०८ ला फोन करावा.

आमच्या गुरुजींनी गावातल्या शाळेत चौथीच्या मुलांना हा मोजण्याचा गृहपाठ दिला आहे. दुसऱ्या दिवशी वहीत कुणी धाकट्या भावाचे श्वास लिहून आणतो, कुणी मामेबहिणीचे. एकाने घरच्या वासराचेच मोजून आणले. गुरुजींनी तेही तपासून खाली सही केली.