शुक्रवारी उरलेली फाइल

29 फेब्रुवारी 2020 पासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार सुट्टीत गेला, टेबलावरच्या फायली होत्या तेवढ्याच राहिल्या. खासगी नोकरीतही चित्र वेगळं नाही. आठवडाअखेर काम उरतंच, आणि उरलेल्या कामाबद्दलचे काही समज त्या कामापेक्षा जास्त छळतात.

सगळ्यात जुना समज आळसाचा: काम उरलं म्हणजे माणूस ढिला. कॅनडातल्या एका अभ्यासात (1994) विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं जवळपास 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. गंमत म्हणजे ‘सगळंच बिनसलं तर?’ या प्रश्नालाही त्यांनी 49 च्या आतबाहेरच सांगितलं होतं. डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी ही खोड 1979 मध्येच दाखवून दिली होती. हातातल्या कामाकडे बघून आपण अंदाज बांधतो, मागच्या वेळी तसल्याच कामाला किती दिवस गेले ते विसरतो. तेव्हा शुक्रवारी स्वतःला बोल लावण्याआधी सोमवारी केलेली यादी एकदा काढून बघावी. दोष बहुधा तिथे सापडतो.

दुसरा समज जरा शास्त्रीय थाटाचा आहे. अर्धवट काम डोक्यात घोळतच राहणार, पुरं केल्याशिवाय सुटका नाही! याचं मूळ ब्लूमा झायगार्निक यांच्या बर्लिनमधल्या प्रयोगांत आहे. मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यांनी 1927 मध्ये मांडलं. पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा हा निकाल दर वेळी आला नाही. पण डोक्यातल्या भुणभुणीबद्दल खरी कामाची गोष्ट 2011 मध्ये मासिकांपो आणि बाउमाइस्टर यांनी दाखवली. उरलेलं काम वाचताना मध्येमध्ये लुडबुड करतं, हे खरंच. मात्र ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की लुडबुड थांबते. काम तसूभरही पुढे सरकलेलं नसतं, तरीही!

इथे ‘नेमकं’ या शब्दावर सगळा भार आहे. ‘ठेकेदाराचं बिल बघायचंय’ ही नुसती धास्ती झाली. ‘सोमवारी साडेदहाला, चहाच्या आधी, बिलाच्या चौथ्या पानावरची जीएसटीची बेरीज तपासायची आणि फाइल लेखा शाखेत पाठवायची’ हे ठरवणं झालं. ही चिठ्ठी फाइलीवरच टाचणीनं लावावी. मोबाइलमध्ये टिपली तर रविवारी मोबाइल उघडताच तीच आधी दिसणार.

यादी केली तर उलट झोप उडेल, अशी भीती अनेकांना वाटते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला 2018 चा प्रयोग वेगळंच सांगतो. निजण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ज्यांनी तपशिलात लिहिलं, त्यांना आणखी लवकर.

लॅपटॉप घरी नेला की मन निवांत होतं, हाही भ्रमच. शनिवारी दोन तास बसून काम खरोखर हातावेगळं होणार असेल तर जरूर न्यावा. बॅग न उघडताच सोमवारी परत जाणार असेल, तर नेऊन मिळवलं काय?

एक मात्र आहे. दर शुक्रवारी तेवढाच ढीग उरत असेल तर चिठ्ठीनं भागणार नाही. मग माणसं कमी आहेत किंवा काम जास्त आहे, आणि ते साहेबांना आकड्यांनिशी सांगावंच लागेल.

शेवटचा समज साहेबांकडचा असतो: सुट्टी म्हणजे मेहरबानी, काम संपलं तरच घ्यायची. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कुणी खुशीनं दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षं झगडा दिला आणि 1890 मध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. त्या मागणीत ‘काम पुरं झालं तर’ अशी अट नव्हती.