देवाची वाट कां मोडली?

जपान देशाच्या मध्यभागीं, डोंगरांच्या कुशींत, सुवा नांवाचें एक सरोवर आहे. पूर्वीं कडाक्याच्या थंडींत तें बहुतेक दरवर्षीं गोठून जाई. रात्रीं बर्फ आकुंचन पावून त्यास भेगा पडत. भेगांत शिरलेलें पाणीही गोठे. आणि दिवसा ऊन लागून बर्फ प्रसरण पावलें म्हणजे त्याच्या कडा एकमेकींवर चढून एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत बर्फाचा वरंबा उभा राही. पैलतीरीं राहणाऱ्या देवीच्या भेटीस देव चालत गेला, त्याची ही वाट, अशी तेथील लोकांची श्रद्धा!

या श्रद्धेमुळें शास्त्राचें मोठें कार्य झालें. सरोवर केव्हां गोठलें याची टिपणें तेथील पुजाऱ्यांनीं १४४३ सालापासून पिढ्यानुपिढ्या ठेविलीं. आरंभींच्या सुमारें अडीचशें वर्षांत न गोठल्याचे हिवाळे अवघे तीन. २००५ ते २०१४ या दहाच वर्षांत पांच! २०१९ पासून २०२५ पर्यंतच्या सातही हिवाळ्यांत ती वाट उमटली नाहीं.

एका वर्षीं थंडी कमी पडली, एवढ्यावरून हवामान पालटलें असें म्हणणें योग्य नव्हे. परंतु शतकांची साक्ष निराळी. मग याचें कारण काय?

कोट्यवधि वर्षांपूर्वीं गाडल्या गेलेल्या वनस्पति व सूक्ष्म जीव यांपासून दगडी कोळसा व खनिज तेल बनलें. तीं आपण जाळतों तेव्हां त्यांतील कार्बन, कार्बन डायॉक्साइड वायूच्या रूपानें हवेंत मिसळतो. हा वायु सूर्यप्रकाश आंत येऊं देतो. पण तापलेल्या पृथ्वीची उष्णता अडवून धरितो. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं, अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, तसेंच हें. कोळशावरील कारखाने वाढण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ४२० हून अधिक आहेत. घोंगडी जाड झाली. आणि जेमतेम गोठणाऱ्या पाण्यास थोडी ऊबही पुरे होते.

हें संकट परक्या देशाचें, असें आमच्या बालवाचकांनीं समजूं नये. आपल्या देशांतील बरीचशी वीज आजही कोळशापासूनच होते. रिकाम्या खोलींत जळणारा दिवा त्या घोंगडीस एक धागा जोडतोच. सुवाचे पुजारी अद्यापि दर हिवाळ्यांत पहाटे तीरावर जातात, आणि बर्फ नसलें तर नसल्याचीच नोंद करितात. सत्य अप्रिय असलें तरी तें लिहून ठेवणारे हात आपलेही असावे, आणि दिवा मालविणारेही, असें आम्हांस वाटतें.