पदवी स्तरावर सायबर सुरक्षेचे अध्ययन : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकशास्त्राची एक शाखा म्हणून सायबर सुरक्षा हा विषय भारतीय विद्यापीठांत प्रथम पदव्युत्तर व अभियांत्रिकी स्तरावर आला. अलीकडच्या काळात तो पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत पोहोचला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने बी.एस्सी. (सायबर अँड डिजिटल सायन्स) असा स्वतंत्र अभ्यासक्रमही आखला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर गौण विषय घेण्याची सोय झाल्याने वाणिज्य वा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही या विषयाचा काही भाग घेणे शक्य झाले आहे. तथापि अभ्यासक्रम मंजूर होणे व तो विशिष्ट भूमीत रुजणे या दोन भिन्न गोष्टी होत. बारामती व इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थ्याला हा विषय कोणत्या उदाहरणांतून शिकवावा व त्याचा उपयोग कोठे व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे स्वरूप

सायबर सुरक्षा म्हणजे 'हॅकिंग' असा समज विद्यार्थ्यांत व पालकांतही आढळतो. वस्तुतः या शास्त्राचा पाया तीन संकल्पनांवर उभा आहे : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती पडू नये, तिच्यात कोणी परस्पर बदल करू नये आणि अधिकारी व्यक्तीला ती हवी तेव्हा मिळावी, असा या तिन्हींचा अनुक्रमे अर्थ होय.

यांपैकी गोपनीयता विद्यार्थ्याला चटकन उमगते. अखंडता मात्र समजावून सांगावी लागते, आणि आपल्या परिसरात त्यासाठी उसाच्या वजनकाट्याइतके चांगले उदाहरण नाही. 'काटामारी' हा शब्द शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक झाला आणि वजनाची नोंद संगणकात गेली, तरी प्रश्न उरतोच. ती नोंद नंतर बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? बदल झाल्यास जुनी नोंद राहते काय? बदल करणाऱ्याची व वेळेची नोंद स्वतंत्र ठिकाणी होते काय? प्रवेशाधिकार, नोंदवही व लेखापरीक्षण या पाठ्यपुस्तकातील तीन प्रकरणांचा आशय या तीन प्रश्नांत सामावतो. येथे गुपित असे काहीच नाही. वजन सर्वांसमोर होते. तरीही सुरक्षेचा प्रश्न आहे, हे ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले त्याला विषयाचे मर्म कळले असे समजावे.

सातबारा आणि डिजिटल स्वाक्षरी

गूढलेखनशास्त्र हा या पदवीतील गणिती दृष्ट्या सर्वांत कठीण भाग होय. मराठीत करपल्लवी, नेत्रपल्लवी असे संकेतवाचक शब्द जुनेच आहेत. मोडी लिपी गुप्ततेसाठी निर्माण झाली असाही एक समज आहे. प्रत्यक्षात ती झरझर लिहिण्याच्या सोयीची लिपी होती आणि ती वाचणारे हजारो लोक होते. हा समज वर्गात आवर्जून खोडून काढावा, कारण त्यातून एक मूलभूत तत्त्व शिकवता येते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये मांडले की, पद्धत शत्रूला ठाऊक असली तरी केवळ किल्ली गुप्त राहिल्याने संदेश सुरक्षित राहिला पाहिजे. पद्धत लपवून मिळणारी सुरक्षा ती पद्धत उघड होताच संपते.

१९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ आरएसए पद्धती आली. तिची शिकवण सहसा 'अ' व 'ब' या काल्पनिक व्यक्तींच्या संवादातून होते. त्याऐवजी विद्यार्थ्याच्या घरचा सातबारा घ्यावा. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. स्वाक्षरी करणारा अधिकारी आपल्याजवळील खासगी किल्लीने उताऱ्याच्या गणिती सारांशावर प्रक्रिया करतो. तपासणारा कोणीही सार्वजनिक किल्लीने ती पडताळू शकतो. उताऱ्यातील क्षेत्राचा एक अंक जरी बदलला तरी सारांश बदलतो व पडताळणी फसते. यातील महत्त्वाची बाब अशी की, ही स्वाक्षरी संगणकीय फाइलमध्ये असते. कागदावर दिसणारा मजकूर ही केवळ तिची सूचना होय. त्या कागदाची छायाप्रत काढली की गणिती पुरावा उरत नाही, उरतो तो संकेतस्थळावर तपासण्यासाठी दिलेला पडताळणी क्रमांक. छायाप्रतीवर शिक्का मारून समाधान मानणाऱ्या कार्यालयांना हा भेद आजही पुरता उमगलेला नाही.

सहकारी बँकांचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील विद्यार्थ्याने अभ्यासलीच पाहिजे अशी घटना म्हणजे ऑगस्ट २०१८ मधील कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ला. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशांतही सुमारे अडीच कोटी निघाले. त्यांत कोल्हापुरातील एटीएमचाही समावेश होता. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट यंत्रणेद्वारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर वळवण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची होती. २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. परंतु ते प्रामुख्याने एटीएमवर जाऊन रक्कम काढणारे होते.

या घटनेचे तंत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की रकमेची विचारणा 'स्विच' नामक यंत्रणेमार्फत बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाते आणि तेथून होकार वा नकार येतो. हल्लेखोरांनी घातक आज्ञावलीच्या साह्याने मधल्या मध्ये एक बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर होकार देऊ लागला. मूळ प्रणालीला विचारणाच झाली नाही. त्यामुळे खातेदारांच्या शिलकी कायम राहिल्या व नुकसान बँकेचे झाले. बँकेची तिजोरी मजबूत असली तरी तिजोरीच्या वतीने बोलणारा निरोप्या बदलला गेला, असे याचे वर्णन करता येईल.

या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी किमान सुरक्षेची चौकट घालून दिली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर करून त्यानुसार चढत्या श्रेणीच्या अटी लागू केल्या. पुढे जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिचा संपर्क देयक यंत्रणेपासून तोडावा लागला. सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक त्यामुळे अडले. स्वतः बँकेने काही चूक केली नसतानाही सेवा थांबते, हा धडा सहकारी संस्थांच्या जाळ्यात वावरणाऱ्या आपल्या परिसराला विशेष लागू पडतो. बँका, पतसंस्था, दूध संघ यांना महानगरातील पगारावर तज्ज्ञ ठेवणे परवडत नाही. नियम वाचू शकणारा, यंत्रणा तपासू शकणारा आणि संचालक मंडळाला मराठीत अहवाल देऊ शकणारा स्थानिक पदवीधर ही त्यांची गरज आहे.

कारखान्यातील यंत्रे

प्रचलित अभ्यासक्रमांत ज्या भागाची उपेक्षा होते असे प्रस्तुत लेखकाला वाटते, तो म्हणजे औद्योगिक नियंत्रण प्रणालींची सुरक्षा. बारामतीची औद्योगिक वसाहत, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखाने, इंदापूर तालुक्यातील कर्मयोगी व नीरा-भीमा कारखाने असा हा परिसर आहे. आधुनिक कारखान्यातील बॉयलरचा दाब, टर्बाइनची गती व सहवीजनिर्मिती यांचे नियंत्रण संगणकाधारित असते. इराणमधील नतान्झ येथील यंत्रांवर झालेला व २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हल्ला येथे उद्बोधक ठरतो. यंत्रांची गती धोकादायक रीतीने बदलत असताना नियंत्रण कक्षातील पडद्यावर सर्व आकडे सुरळीत दिसत होते.

कार्यालयीन संगणकाची सुरक्षाविषयक दुरुस्ती त्याच रात्री करावी, असे पुस्तक सांगते. गळीत हंगाम ऐन भरात असताना कारखान्याचा नियंत्रक बंद करून दुरुस्ती करता येत नाही. ती हंगाम संपल्यावर देखभालीच्या काळातच होते. मग मधले महिने यंत्रणा कशी राखावी? कार्यालयाचे जाळे व यंत्रांचे जाळे विभक्त ठेवणे, दूरस्थ देखभालीचा मार्ग कायम उघडा न ठेवणे, पेन ड्राइव्हवर निर्बंध घालणे, ही त्याची उत्तरे होत. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. (संगणकशास्त्र) अभ्यासक्रमात इलेक्ट्रॉनिक्स हा विषय दीर्घकाळ जोडीला राहिला आहे. अनेकांना तो अडगळ वाटतो. या क्षेत्रात तोच उपयोगी पडतो.

प्रयोगशाळा आणि कायदा

या विषयाचे प्रात्यक्षिक रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासारखेच जोखमीचे आहे. मुद्दाम सदोष ठेवलेले आभासी संगणक, महाविद्यालयाच्या जाळ्यापासून तोडलेली प्रयोगशाळा आणि संदेशवहन न्याहाळण्याची मुक्त साधने एवढ्यावर पहिली दोन वर्षे भागतात. खर्चिक उपकरणांचा आग्रह अनाठायी आहे. मात्र पहिल्या तासाला कायदा शिकवला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे नुकसानभरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'केवळ उत्सुकतेपोटी' बाहेरच्या संकेतस्थळाची चाचणी घेणारा विद्यार्थी स्वतःबरोबर विभागालाही अडचणीत आणतो. चाचणीपूर्वी मालकाची लेखी अनुमती व तिची व्याप्ती ठरवून घेणे हा प्रात्यक्षिक परीक्षेतील गुणांचा भाग असावा.

न्यायवैद्यक भागातही कायदा बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचा हॅश, म्हणजे वर सांगितलेला गणिती सारांश, नमूद करावा लागतो. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. वकील, पोलीस व बँक कर्मचारी यांना हे समजावून सांगणारी व्यक्ती तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. जुन्या पुस्तकांत अद्याप पुरावा कायद्याचे कलम ६५ ब छापलेले आढळते. अध्यापकांनी ते बदलून घ्यावे.

अध्यापक हाच खरा तुटवडा आहे. कुशल व्यक्ती उद्योगात अधिक वेतनावर जाते आणि संगणकशास्त्राच्या अध्यापकालाच नवा विषय शिकून शिकवावा लागतो. यावर बारामती व इंदापूर येथील महाविद्यालयांनी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्याऐवजी एकत्र येणे व्यवहार्य वाटते. सामाईक आभासी प्रयोगशाळा, विधी व वाणिज्य विभागांतील अध्यापकांचे काही तास आणि तिसऱ्या वर्षी एखाद्या पतसंस्थेत, लेखी अनुमतीने, प्रवेशाधिकारांची तपासणी हा प्रकल्प, एवढी सुरुवात पुरेशी आहे. अशा प्रकल्पात विद्यार्थ्याला बहुधा प्रगत हल्ल्याच्या खुणा सापडणार नाहीत. निवृत्त कर्मचाऱ्याचे अद्याप चालू असलेले खाते किंवा सर्व लिपिकांनी वाटून घेतलेला एकच पासवर्ड सापडण्याची शक्यता अधिक, आणि त्याचा अहवाल लिहिण्यास मात्र पूर्ण सत्र लागते.